शिळ्या पाण्याची थोरवी

महाराष्ट्रातल्या घरात सकाळचे पहिले काम पाण्याचे असते. रात्रभर राहिलेले पाणी शिळे म्हणून झाडांना घातले जाते, हंडे-कळशा चिंचेने घासून लख्ख होतात, देवापुढच्या तांब्यातही ताजे पाणी येते. कारण ताजे ते शुद्ध आणि साचलेले ते दूषित, हा संस्कार आपल्या हाडीमांसी खिळलेला आहे. हीच शिदोरी घेऊन इंग्लंडात संसार थाटलेल्या मराठी कुटुंबाला जेव्हा कळते, की आपल्या घराच्या भिंतींना लागून बसवलेल्या पोलादी रेडिएटरांतून फिरणारे पाणी गेली दहा वर्षे तेच आहे, तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार येतो तो हे पाणी ओतून टाकून नवे भरण्याचा. पिण्याच्या पाण्याविषयी जो विचार सर्वथैव योग्य, तोच या बंदिस्त पाण्याविषयी घातक कसा ठरतो, ते पाणी काढण्याची वेळ खरोखर केव्हा येते, आणि ती आलीच, तर निचरा, धुलाई व पुनर्भरण ही तीन कामे कोणत्या क्रमाने व कोणत्या कारणास्तव करावीत, याचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे.

पाण्याची फेरी

ब्रिटनसारख्या थंड देशात सारे घर एका ठिकाणाहून तापवण्याची व्यवस्था फार जुनी असेल असे वाटते, पण वस्तुस्थिती तशी नाही. रोमन लोकांनी बाथसारख्या शहरी जमिनीखालून गरम हवा खेळवली होती हे खरे. एंजियर मार्च पर्किन्स या अमेरिकेत जन्मलेल्या यंत्रज्ञाने लंडनमध्ये १८३१ साली उच्च दाबाच्या उष्ण पाण्याने इमारती तापवण्याचे पेटंट घेतले, आणि त्याच शतकाच्या मध्यास सेंट पीटर्सबर्ग येथे फ्रांझ सान-गाल्ली याने रेडिएटर घडवला, हेही खरे. परंतु सामान्य ब्रिटिश गृहस्थाच्या घरात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खोलीतली कोळशाची शेगडी हीच ऊबेची मुख्य सोय होती. डिसेंबर १९५२ मध्ये त्याच कोळशाच्या धुराने लंडन पाच दिवस गुदमरले आणि हजारो माणसे प्राणास मुकली, तेव्हा सरकारला १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा करावा लागला. पुढे १९६५ साली उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला, आणि १९६७ पासून सुमारे दहा वर्षांत देशातली गॅसची उपकरणे त्या वायूवर चालतील अशी बदलण्यात आली. १९७२ साली सुमारे ३७ टक्के कुटुंबांच्या घरी मध्यवर्ती तापन होते. आज ते नसलेले घर शोधावे लागते. एका पिढीच्या आत इतक्या घरांत ही यंत्रणा आली, पण तिची निगा राखण्याचे ज्ञान मात्र तितक्या घरांत पोहोचले नाही, आणि याच त्रुटीतून पुढचे बहुतेक सारे त्रास उद्भवतात.

परसदारी तांब्याचा बंब ज्याने पाहिला आहे, त्याला या यंत्रणेचे निम्मे मर्म आधीच ठाऊक आहे. बंबात मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी. येथेही बॉयलरमध्ये एका बाजूला गॅसची ज्योत आणि दुसऱ्या बाजूला पाणी. फरक एवढाच, की बंबातले पाणी आपण काढून घेतो व त्याच्या जागी नवे ओततो, आणि येथले पाणी काढून घ्यायचे नसतेच. विजेचा लहानसा पंप ते पाणी तांब्याच्या नळ्यांतून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरपर्यंत नेतो, तेथे ते आपली उष्णता खोलीला देते, आणि गार होऊन पुन्हा बॉयलरकडे परतते. या हमालीसाठी पाण्यासारखा दुसरा स्वस्त आणि समर्थ भारवाहक नाही. कारण एक लिटर पाणी एका अंशाने निवताना जी उष्णता सोडते, तेवढ्याने सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एका अंशाने तापते. सामान्य तीन शयनगृहांच्या घरातल्या यंत्रणेत जेमतेम शंभर लिटर पाणी असते, आणि तेवढेच पाणी हिवाळाभर सबंध घराचे ओझे वाहते.

पाणी तापले की फुगते. दहा अंशांवरचे शंभर लिटर पाणी ऐंशी अंशांवर गेले, तर सुमारे तीन लिटरने वाढते, आणि त्या वाढीव पाण्याची तजवीज आधीच करून ठेवावी लागते. ती दोन प्रकारे होते. जुन्या खुल्या पद्धतीत घराच्या माळ्यावर एक लहान टाकी असते. तिच्यातून एक नळी खाली पाणी पुरवते, आणि दुसरी नळी, वरचे टोक छत्रीच्या मुठीसारखे वाकवलेली, टाकीच्या तोंडावर उघडी सोडलेली असते, म्हणजे काही बिघाड होऊन वाफ धरलीच तर तिला सुटायला वाट राहावी. नव्या बंदिस्त पद्धतीत माळ्यावरच्या टाकीला फाटा देऊन, आत रबरी पडदा ताणलेले एक पोलादी भांडे जोडतात. पडद्याच्या एका अंगास पाणी आणि दुसऱ्या अंगास कोंडलेली हवा असते, व पाणी फुगले की हवा आकसून त्याला जागा देते. या बंदिस्त पद्धतीत थंड असताना दाब साधारण एक ते दीड बार ठेवतात, आणि तो तीन बारपर्यंत चढला, तर संरक्षक झडप आपोआप उघडून पाणी बाहेर सोडते. आपल्या घरात यांपैकी कोणती पद्धत आहे याची खातरजमा केल्याशिवाय कोणत्याही तोटीला हात लावू नये.

काळ्या गाळाचे मूळ

रेडिएटर पोलादाचे असतात, आणि पोलाद, पाणी व प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली की गंज चढणारच. परंतु नळाचे ताजे पाणी आणि यंत्रणेतले जुने पाणी यांच्यात जो भेद आहे तो नेमका येथेच. ताज्या थंड पाण्यात दर लिटरमागे सुमारे दहा मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो; पाणी यंत्रणेत शिरून तापले, की त्यातला काही बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो आणि उरलेला थोड्याच दिवसांत पोलादाशी संयोग पावून संपून जातो. एकदा तो संपला, की त्या पाण्याची गंज चढवण्याची भूक जवळजवळ शमते. म्हणून वर्षानुवर्षे फिरलेले, रंगाने काहीसे मळकट, वासाने कुबट असे शिळे पाणी हेच या यंत्रणेचे निरुपद्रवी पाणी होय. आणि काचेसारखे स्वच्छ दिसणारे ताजे पाणी मात्र आपल्याबरोबर नवा प्राणवायू घेऊन येते.

याचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. शंभर लिटर ताज्या पाण्यात सुमारे एक ग्रॅम प्राणवायू असतो. तो सगळाच्या सगळा लोखंडाशी संयोग पावला, तरी त्यापासून साडेतीन-पावणेचार ग्रॅम काळे लोहभस्म तयार होईल, म्हणजे एका चहाच्या चमच्यापेक्षाही कमी. असे असता जुन्या घरांतल्या रेडिएटरांतून किलोंनी मोजावा इतका काळा गाळ निघतो तो कोठून? प्राणवायू संपल्यावरही उष्ण पाणी पोलादाला अगदी मंद गतीने खात राहते आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो, हे त्याचे एक कारण. पण मोठे कारण असे, की त्या घरात कोठून तरी हवा किंवा ताजे पाणी सतत आत येत असते. एकदा भरलेले पाणी इतका गाळ करूच शकत नाही. सबब गाळ काढण्याआधी हवेची वाट शोधावी, हा या शास्त्राचा पहिला नियम.

हा काळा पदार्थ म्हणजे मॅग्नेटाइट, अर्थात प्राचीनांना ठाऊक असलेल्या चुंबकपाषाणाचेच सूक्ष्म चूर्ण. तांबूस तपकिरी गंज दिसला, तर आत मुबलक प्राणवायू पोहोचतो आहे असे समजावे; आणि शाईसारखा काळा गाळ दिसला, तर प्राणवायूच्या टंचाईत झालेली झीज समजावी. काचेच्या पेल्यात असे काळे पाणी घेऊन बाहेरून लोहचुंबक टेकवला, की पेल्यातला सारा काळेपणा हळूहळू एका बाजूला सरकतो, चुंबकाच्या आकाराचा गडद पुंजका काचेला चिकटतो, आणि उरलेले पाणी पाहता पाहता निवळते. लहान मुलांना रसायनशास्त्राची गोडी लावायला यापरता सोपा प्रयोग क्वचितच सापडेल.

लेस्टरमधले एक घर

लेस्टर शहरातल्या लाल विटांच्या एका दुमजली घरी, माझ्या मावशीकडे, हा सारा प्रकार मी प्रत्यक्ष पाहिला. दिवाणखान्यातला रेडिएटर वरच्या कडेला हात भाजेल इतका तापे, पण खालच्या बाजूस मध्यभागी हात लावला तर भिंतीसारखा गार लागे. वरचा भाग गार आणि खालचा गरम असेल, तर आत हवा किंवा वायू साचला आहे असे समजावे. याच्या उलट, खालचा मध्यभाग गार असेल, तर तेथे गाळ बसला आहे, हे निदान जवळजवळ कधीच चुकत नाही. मावशी हताश होऊन म्हणाली, “अरे, दोन वर्षांत दोनदा सगळं पाणी बदलून घेतलं, तरी पुन्हा काळंच!” पाणी बदलणाऱ्याने दोन्ही खेपांना काम इमानाने केले होते, पण रोगाचे मूळ त्याने शोधले नव्हते.

ते मूळ सापडले माळ्यावर. शिडीने वर जाऊन टाकीच्या पाण्यात हात घातला, तर ज्या पाण्याने थंडगार असायला हवे ते चांगले कोमट होते. आणि टाकीच्या तोंडावर वाकवलेल्या नळीतून, पंप सुरू होताच, करंगळीएवढी धार टाकीत पडू लागली. खाली पाणी पुरवणारी नळी गाळाने दाटली होती. त्यामुळे दाबाचा समतोल ढळून पंप पाण्याला वरच्या उघड्या तोंडातून ढकलत होता, आणि ते पाणी पडता पडता हवा खाऊन पुन्हा यंत्रणेत उतरत होते. बॉयलर जितके तास चाले तितके तास घरात प्राणवायूचा रतीब लागलेला! दाटलेली जागा शोधण्याची युक्तीही मनोवेधक आहे. तांब्याला चुंबक चिकटत नाही. पण पुरवठ्याच्या नळीवरून चुंबक सरकवत नेला, तेव्हा ती मुख्य नळीला मिळते त्या सांध्याजवळ तो एकाएकी घट्ट बसला, कारण तेथे आत चुंबकपाषाणाचा बूच तयार झाला होता. नळीचा तेवढा वीतभर तुकडा कापून नवा घातला, आणि त्यानंतरच धुलाईला हात घातला. कापलेला तुकडा मी मावशीच्या हातात दिला. त्याचे भोक पेन्सिलचे टोक शिरेल एवढेच उरले होते.

निचरा

पाणी काढण्याची रास्त कारणे मोजकी आहेत: रेडिएटर किंवा झडप बदलणे, गळती दुरुस्त करणे, नवा बॉयलर बसवणे, आणि सिद्ध झालेला गाळ काढणे. यांपैकी एखादे कारण हजर असेल तरच पुढच्या कामास लागावे. बॉयलरचे आवरण उघडणे व गॅसच्या कोणत्याही भागास हात लावणे हे कायद्याने केवळ नोंदणीकृत कारागिराचे काम आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये २००९ पासून ही नोंदणी गॅस सेफ रजिस्टर या संस्थेकडे असते, आणि तिचे ओळखपत्र पाहण्याचा प्रत्येक गृहस्थाला हक्क आहे. पाण्याच्या बाजूचे काम मात्र समंजस गृहस्थाला करता येते.

प्रथम बॉयलर बंद करून त्याची वीजही तोडावी, आणि पाणी कोमट होईपर्यंत थांबावे. पोलादी रेडिएटरातले पाणी अंग पोळण्याइतके गरम असते हे विसरू नये. मग नव्या पाण्याची आवक बंद करावी. खुल्या पद्धतीत टाकीवर एक लाकडी पट्टी आडवी ठेवून तरंगत्या गोळ्याची दांडी तिला वर बांधून टाकावी. बंदिस्त पद्धतीत नळाचे पाणी आत घेणारी भरणाची जोडनळी बंद असल्याची खात्री करावी. यानंतर घरातली सर्वांत खालची निचऱ्याची तोटी शोधावी. तिच्या तोंडावर रबरी नळी चढवून पोलादी पट्टीने आवळावी, आणि नळीचे दुसरे टोक बाहेर, तोटीपेक्षा खालच्या पातळीवर, सांडपाण्याच्या गटारात सोडावे. पावसाच्या पाण्याच्या गटारात किंवा बागेत हे पाणी मुळीच सोडू नये. त्यातली धातूंची झीज आणि औषधी द्रव्ये ओढ्यानाल्यांतल्या जीवांना बाधतात.

तोटी पान्याने सावकाश सैल केली, की पाणी वाहू लागते. पण बाटली उपडी केल्यावर ती जशी गटगट करत अडखळते, तसेच येथेही वरून हवा मिळेपर्यंत पाणी मोकळेपणी येत नाही. म्हणून आता वरच्या मजल्यावर जाऊन रेडिएटरांच्या कोपऱ्यातले हवेचे लहान खिळे किल्लीने एकेक उघडावेत. एरवी बाहेर येणारी हवा आता सुस्कारा टाकल्यासारखी आत शिरते, आणि खाली नळीची धार जोर धरते. वरचा मजला रिकामा झाला, की खालचे खिळे उघडावेत, त्याआधी नव्हे. कारण आधी उघडले तर त्यांतून पाणी उडून भिंत काळी होईल. काही घरांत खालच्या मजल्यावरच्या नळ्या छतातून उतरून रेडिएटरापाशीच संपतात; अशा ठिकाणी प्रत्येक रेडिएटरला स्वतंत्र निचरा असतो आणि तो वेगळा काढावा लागतो. खुल्या पद्धतीत निचरा चालू असताना माळ्यावरच्या टाकीवर लक्ष ठेवावे: सारे घर रिते होत असता टाकीतले पाणी जर हललेच नाही, तर पुरवठ्याची नळी दाटली आहे याचा तो निर्णायक दाखला होय.

धुलाई

गाळ थोडा असेल, तर पाणी काढण्याआधीच सफाईचे द्रव्य यंत्रणेत घालून, कारखान्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत, म्हणजे काही तासांपासून काही दिवसांपर्यंत, बॉयलर नेहमीप्रमाणे चालू ठेवावा. ते द्रव्य गाळाचे कण सुटे करून पाण्यात तरंगते ठेवते, आणि निचऱ्याबरोबर ते वाहून जातात. नंतर स्वच्छ पाण्याने भरून पुन्हा काढणे, हा क्रम धार निवळ येईपर्यंत चालवावा. सफाईच्या द्रव्याचा अंश मागे राहू देऊ नये, कारण जे गाळाला सैल करते, ते फार काळ राहिल्यास धातूलाही सोडत नाही.

गाळ घट्ट बसला असेल, तर रेडिएटर भिंतीवरून उतरवून बाहेर धुणे हाच खात्रीचा उपाय. रेडिएटरच्या दोन टोकांस दोन झडपा असतात. एकीने आपण ऊब कमीअधिक करतो, आणि दुसरीवर टोपी बसवलेली असते, कारण तिने त्या खोलीच्या वाट्याचा प्रवाह ठरवून दिलेला असतो. टोपी काढून ही झडप बंद करताना तिला किती वेढे बसले ते मोजून कागदावर लिहून ठेवावे. पुन्हा तितकेच वेढे उघडले, की खोल्याखोल्यांतला समतोल जसाच्या तसा राहतो. खाली जुने पंचे आणि पसरट घमेले ठेवावे, सांधा सावकाश सोडावा, आणि सोडवलेल्या तोंडांत चिंध्यांचे बोळे घालून रेडिएटर त्याची तोंडे वर येतील असा धरून बाहेर न्यावा. या गाळाचा एक थेंब गालिच्यावर पडला तर तो डाग जन्मभर जात नाही. अंगणात सांडपाण्याच्या गटाराजवळ नेऊन एका तोंडात बागेची नळी धरली, आणि पाठीवर रबरी हातोडीने हलके ठोके दिले, की प्रथम काळी दाट धार येते, मग करडी, आणि शेवटी स्वच्छ. मावशीच्या दिवाणखान्यातल्या एका रेडिएटरातून निघालेला गाळ पाऊण बादली भरला, आणि रिकामा झालेला रेडिएटर उचलताना दोघांऐवजी एकटाच पुरला.

सबंध घर एकाच वेळी धुवायचे असेल, तर कारागीर मोठ्या प्रवाहाचे यंत्र जोडतात, जे पाणी कमी दाबाने पण वेगाने फिरवते व मधूनमधून त्याची दिशा उलटवते, म्हणजे एका बाजूने न सुटणारा गाळ दुसऱ्या बाजूने सुटतो. या कामाआधी घरमालकाला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: अति जुन्या रेडिएटरांना पडलेली सुईएवढी भोके कधी कधी गाळानेच बुजलेली असतात, आणि गाळ गेला की ती गळू लागतात. दोष धुलाईचा नसतो. भोक आधीच पडलेले असते.

येथे पाण्याच्या जडपणाचाही विचार केला पाहिजे. लंडन आणि आग्नेय इंग्लंडात चुनखडीच्या खडकांतून येणारे पाणी जड असते, आणि किटलीच्या तळाशी जशी खर धरते, तशी ती बॉयलरच्या आतल्या पृष्ठभागावरही धरते. मँचेस्टरला मात्र १८९४ पासून थर्लमियर सरोवराचे हलके पाणी मिळते. जड पाण्याच्या प्रदेशात प्रत्येक भरणाबरोबर थोडा चुना आत येतो, तो बॉयलरच्या सर्वांत तप्त भागावर बसतो, आणि मग बॉयलर उकळत्या किटलीप्रमाणे कुरकुरू लागतो. वारंवार पाणी बदलण्याविरुद्धचा हा दुसरा पुरावा.

पुनर्भरण

भरण्याआधी प्रत्येक खिळा आणि निचऱ्याची तोटी बंद केल्याची, एकदा नव्हे दोनदा, पाहणी करावी. मग गंजरोधक द्रव्य घालावे. साधारणतः शंभर लिटर पाण्यास एक लिटर हे प्रमाण असते. खुल्या पद्धतीत ते टाकीत ओतता येते, बंदिस्त पद्धतीत एखाद्या रेडिएटराच्या तोंडातून किंवा गाळाचे कण पकडणाऱ्या चुंबकीय गाळणीतून. हे द्रव्य धातूच्या आतल्या अंगावर पातळ कवच धरते आणि पाण्याचा आम्लपणा आटोक्यात ठेवते. त्याशिवाय केलेले भरण म्हणजे नुकत्या धुतलेल्या उघड्या पोलादावर ताज्या प्राणवायूला मोकळे सोडणे होय. मावशीच्या घरी पूर्वीच्या दोन्ही खेपांना हीच चूक झाली होती.

आवक हळूहळू सुरू करावी. घाईने भरले, तर हवेच्या गाठी नळ्यांत अडकून बसतात. काढताना आपण वरून खाली आलो, भरताना खालून वर जावे: प्रथम खालच्या मजल्यावरचा खिळा उघडावा, हवेची फुसफूस थांबून पाण्याचा थेंब दिसला की बंद करावा, आणि असे करत शेवटी वरच्या मजल्यावरच्या सर्वांत दूरच्या रेडिएटरापर्यंत पोहोचावे. माळ्यावरची टाकी थंड स्थितीत काठोकाठ भरू देऊ नये. तळाशी थोडे पाणी पुरे, वरची जागा पाण्याच्या फुगवट्यासाठी राखलेली असते. बंदिस्त पद्धतीत दाबमापकाचा काटा एक बारच्या थोडा वर आला की जोडनळी बंद करून काढून ठेवावी. मग बॉयलर सुरू करून सारे घर तापू द्यावे, प्रत्येक सांध्याखालून कोरडा कागद फिरवून तो ओला होतो का ते पाहावे, आणि यंत्रणा निवल्यावर हवा पुन्हा एकदा काढावी.

पुढच्या काही दिवसांत थोडी हवा निघणे स्वाभाविक आहे. पण महिन्यामागून महिना त्याच रेडिएटरात वायू साचत असेल, तर ती हवा असण्यापेक्षा गंजातून निघालेला हायड्रोजन असण्याचा संभव अधिक. आणि तो वायू ज्वालाग्राही असल्यामुळे खिळा उघडताना जवळ काडी पेटवू नये. काटा दर आठवड्यास खाली येत असेल, तर कोठेतरी गळती आहे. पुन्हा पुन्हा पाणी भरून काट्याचे समाधान करणे हा आळशी उपाय, कारण प्रत्येक भरणाबरोबर नवा प्राणवायू आत जातो. गळती शोधणे हाच खरा उपाय.

ब्रिटिश मानक ७५९३ या दस्तऐवजाच्या २०१९ च्या आवृत्तीने याच तत्त्वांना नियमांचे रूप दिले आहे: यंत्रणेत चुंबकीय गाळणी बसवावी, गंजरोधकाची तपासणी दरवर्षी करावी, आणि दर पाच वर्षांनी एकतर पाण्याची पूर्ण परीक्षा करावी किंवा गंजरोधक नव्याने घालावे. हे नियम आता अधिकच महत्त्वाचे आहेत. इंग्लंडात २००५ पासून सक्तीचे झालेले नवे बॉयलर धुरातल्या वाफेचे पाणी करून त्यातली उष्णता परत मिळवतात, आणि ते तेव्हाच साधते, जेव्हा परतणारे पाणी सुमारे ५५ अंशांहून थंड असते. त्यांच्या आतल्या वाटा अरुंद असतात, आणि पुढे येणारे उष्णता-पंप तर याहूनही कमी उष्ण पाण्यावर घर तापवतात. तेव्हा गाळाने अडलेला एक रेडिएटरही त्यांना परवडत नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी ही यंत्रणा आहे, त्यांना एवढीच विनंती, की बॉयलरशेजारी एक साधे पुठ्ठ्याचे पत्र टांगावे आणि त्यावर चार गोष्टी लिहाव्यात: पाणी भरल्याची तारीख, गंजरोधक घातल्याची तारीख, थंड असतानाचा दाब, आणि प्रत्येक खोलीतल्या टोपीच्या झडपेचे वेढे. पुढच्या दुरुस्तीस जो कोणी येईल, त्याला त्या पत्रावरून घराचा सारा पूर्वेतिहास कळेल, आणि विनाकारण पाणी काढण्याचा प्रसंग टळेल. मावशीच्या घरातले पाणी त्या धुलाईनंतर मार्चमध्ये भरले, त्याला आता आठ वर्षे झाली. पत्रावरच्या तपासणीच्या तारखा दरसाल वाढत गेल्या आहेत, पाणी भरल्याची तारीख मात्र तीच आहे, आणि दिवाणखान्यातला रेडिएटर वरपासून खालपर्यंत सारखा गरम लागतो.